घमेल्यातली राख

गायकवाड सर प्रयोगशाळेतली काचेची भांडी राखेने घासत. शहापूरच्या आमच्या कॉलेजात साबणाची पावडर होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "साबन काचेला धरून बसतो गो. राख एका पान्यात निघते." मुरबाडकडच्या त्यांच्या गावाहून भाताच्या तुसाची राख पिशवीतून येई आणि एका गंजक्या घमेल्यात पडे. मी नव्याने लागलेली प्राध्यापिका. मला हा प्रकार गावंढळ वाटायचा आणि तसं मी बोलूनही दाखवायची. सर नुसते हसायचे.

शिकवून उरलेल्या वेळात सर पीएचडी करत होते. विषय कोणी विचारला की म्हणत, "ऊन दुपारी, चूल संध्याकाळी. मधल्या टायमाला ऊन ठेवायचं कुठं?" गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि इंधन म्हणून साठवायचा, हे त्यांचं उत्तर. पाणी कमी विजेत फुटावं म्हणून ते तारेच्या जाळीवर निकेलचा थर चढवत. तोच उत्प्रेरक. नऊ वर्षं त्यात गेली. शेवटी एक थर असा जमला की बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली. मुंबईचे मार्गदर्शक खूश झाले, प्रबंध टायपिंगला गेला. विद्यापीठाने वाढवून दिलेली मुदत जूनमध्ये संपत होती.

मे महिन्यात राख संपत आली. मी भांडी आम्लाने धुतली, नवा थर चढवला आणि सरांचाच प्रयोग लावला. बुडबुडे निम्म्यावर आले. तीनदा केलं, तेच. मग घमेल्याच्या तळची चिमूटभर राख घेऊन लोहाची चाचणी केली. द्रावण लालभडक झालं. घमेल्याचा गंज राखेतून भांड्यांत आणि भांड्यांतून निकेलच्या थरात जात होता. खरी कामगिरी त्या लोहाची होती आणि प्रबंधात त्याचं नावही नव्हतं.

दोन दिवस मी ती लाल परीक्षानळी कपाटात दडवून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती सरांच्या हातात दिली आणि राखेचं सांगितलं. खिडकीशी जाऊन त्यांनी ती उजेडात धरली.

"सर, आपण नाही बोललो तर कोणाला कळणार नाही," मी म्हणाले. मला अजूनही त्या वाक्याची लाज वाटते.

"आपल्याला कळलं ना. आता नाय कसं म्हनायचं?"

प्रबंध त्यांनी स्वतः जाऊन परत आणला. मोजून लोह घालत सगळे प्रयोग पुन्हा केले. त्यात मुदत गेली. त्यातून एक छोटा शोधनिबंध निघाला, त्यावर त्यांनी माझं नाव आधी घातलं. पदवी मात्र राहिली ती राहिलीच. ती आपण घालवली, ही बोच मला कित्येक वर्षं होती.

सरांच्या निरोप समारंभात सूत्रसंचालकाने "डॉक्टर गायकवाड" अशी हाक दिली. सर उठले, माईक जवळ ओढला.

"डॉक्टर नाय. होनार होतो, या म्याडमनी वाचवलं."

सभागृह हसलं. सर माझ्याकडे बघत होते, आणि ते हसत नव्हते.