जाधव सरांच्या माश्या

आमच्या झूलॉजीच्या लॅबचे किस्से कुणी लिहून ठेवलेले नाहीत. चार जुने सोबती गुलमंडीवर भेटले, चहा आला, की एकातून दुसरा निघतो आणि गाडी हमखास जाधव सरांवर येते. मग हसता हसता कुणीतरी कप खाली ठेवतं. बहुतेक वेळा मीच.

सर माशीच्या डोळ्यावर काम करायचे. माशी मेणात बसवायची, डोळ्याला केसासारखी बारीक तार लावायची, अंधार करायचा आणि लाइट मारायचा. उजेड पडला की डोळ्यात इवलीशी वीज उठते आणि स्क्रीनवरची सरळ रेष दचकते. सगळा खेळ एवढाच!

*

माश्या आणायचे आमचे अटेंडंट शेख चाचा. शहागंजात मटणाच्या दुकानासमोर बरणी घेऊन उभे राहायचे. दुकानदार वैतागला, "चाचा, रोज आते, कुछ लेते नहीं!"

"गोश्त नक्को मियाँ, मक्ख्या होना!"

*

अंधारात आम्ही स्टुलांना धडकायचो. सर मात्र टेबलापासून दारापर्यंत सरळ चालत जायचे. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला अंधारात दिसतं का हो?"

"मला उजेडातबी तेवढंच दिसतंय!"

लई हसलो आम्ही. त्यांच्या डोळ्यांचा पडदा वर्षानुवर्षं झिजत होता, हे वर्षभरानं कळलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

पुढं त्यांना रेष दिसेना. चाचांनी मोडक्या रेडिओचा स्पीकर आणला, आम्ही तो मशीनला जोडला. माशीच्या डोळ्यावर उजेड पडला की सूर चढायचा. सर डोळे मिटून ऐकत बसायचे. एक बडे पाहुणे नाक मुरडून म्हणाले, "लॅबमध्ये रेडिओ?"

"माशीच्या बातम्या लागल्यात. बसा, ऐका!"

मी सुट्टी घ्या म्हटलं, की त्यांचं एकच उत्तर असायचं, "तुझा थिसिस होईपर्यंत डोळे टिकू दे, मग बघू." माझं पीएचडीचं लिखाण मात्र रेंगाळलं होतं.

*

शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात सरांचीच तशी तपासणी ठरली. अंधारी खोली, डोळ्याला तार, समोर लाइट. मी सोबत होतो.

"मॅडम, मेण नाय ना लावणार?" सरांनी विचारलं. डॉक्टर मॅडम हसल्या.

लाइट दहा वेळा चमकला. रेष तशीच सपाट.

"मॅडम, लाइट कधी मारणार?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"झालं सर," मी म्हणालो. "मस्त रिस्पॉन्स आलाय!"

सरांनी चाचपडत माझा हात धरला.

"थिसिसमधी असं लिहू नको बरं."