तीन चाकं आणि रेडिओचं बटण

चि. रेवा आणि चि. ईशान,

तुमच्या आजोबांनी वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मोटार बांधली. तिची लांबी एक वीत आहे, रंग लाल आहे आणि ती बांधायला चाळीस वर्षं आणि अकरा दिवस लागले. अकरा दिवसांचं आधी सांगते. चाळीस वर्षं का लागली ते शेवटी सांगेन, कारण त्यासाठी मला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे.

ही मोटार तुमच्या बाबाची. तो सहा वर्षांचा असताना ती दादांनी जपानहून आणली. दादा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. ते सुरतेच्या एका गिरणीत होते आणि नवीन यंत्रं शिकायला गिरणीने त्यांना सहा महिने तिकडे पाठवलं होतं. येताना त्यांनी पुतण्यासाठी हा खोका आणला. झाकणावर लांब नाकाची, जुन्या काळची ऐटबाज मोटार. तुमच्या बाबाने मोठ्या आशेने झाकण उघडलं, तर आत मोटारीचा नुसता चुरा! दारं वेगळी, खुर्च्या वेगळ्या, चाकं वेगळी. ती मोटार आपण जोडायची होती. तुमचा बाबा मोठ्याने रडला. (तो आता नाही म्हणेल. मी तिथे होते.)

दोघा भावांनी सगळे भाग पलंगावर मांडून मोजले आणि निघाली तीन चाकं. पलंगाखाली पाहिलं, खोका झटकला, चौथं चाक नाही. दादा म्हणाले, मी दुकानात पूर्ण खोका मोजून घेतला होता. आजोबा गप्प राहिले असते तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत, व्याह्यांच्या समोर ते म्हणाले, "आमच्या दादाने जपानहून मोटार आणली. तीन चाकांची. रिक्षा समजून घेतली असेल."

पंगत हसली. दादांनी हातातली जिलबी ताटात परत ठेवली.

त्यानंतर दादा आमच्याकडे प्रत्येक सणाला आले, प्रत्येक आजारपणाला आले, पण रिकाम्या हाताने आले. एरवी हा माणूस शेजाऱ्याकडे जाताना सुद्धा दोन पेरू घेऊन जाणारा! निवृत्तीनंतर ते कळसाडीला शेती पाहू लागले, घरचा ऊस होता. आमच्या दारात कधी एक कांडं आलं नाही. एकदा मी आतून ऐकलं, ते आजोबांना अहिराणीत म्हणत होते, "मी काही लयनू तर ते कमीच भरी." म्हणजे मी काही आणलं तर ते कमीच भरणार.

मी 'आतून ऐकलं' म्हणते, कारण आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायचं नसे. डोक्यावर पदर आणि मधे दार. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, तपासणीला आलेल्या साहेबांशी इंग्रजीत वाद घालत होते आणि घरी येऊन तुमच्या बाबाला सांगत होते, "मोठ्या बाबांना सांग, चहा झाला." मोठे बाबा, म्हणजे दादा, चार हातांवर बसलेले. ते तुमच्या बाबाला म्हणत, "आईला सांग, साखर कमी." तुमचा बाबा दोघांच्या मधे उभा राहून मान हलवत असे, कारण आम्हा दोघांनाही ऐकू येतं हे त्याला माहीत होतं.

तर खोका माळ्यावर गेला आणि चाळीस वर्षं तिथेच राहिला.

यंदा दादांनी ठरवलं की आता एकट्याने राहणं होत नाही, सुरतेला मुलीकडे कायमचं जायचं. वय ब्याऐंशी. आपल्या नंदुरबारहून दुपारची गाडी धरायची आणि त्याआधी आमच्याकडे जेवायचं. निरोप आला त्याच दिवशी आजोबा शिडी लावून माळ्यावर चढले (गुडघे दोन्ही दुखरे!) आणि खोका घेऊन उतरले. म्हणाले, "दादा जायच्या आधी ही गाडी त्याच्यासमोर उभी करायची. चार चाकांवर." एवढंच. माफी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण शिडी मी धरली होती, मला कळला.

मुदत अकरा दिवसांची.

पहिले तीन दिवस बघण्यासारखे होते. ज्यांना स्वतःचा शर्ट कुठल्या खुंटीवर आहे हे माहीत नसतं, ते आजोबा भिंगातून तो जपानी नकाशा वाचत बसले. रंग आणायला गेले तेव्हा खिशात सुकी मिरची घेऊन गेले. 'लाल म्हणजे हा लाल' हे दुकानदाराला दाखवायला! आपलं गाव मिरच्यांच्या बाजाराचं, इथे मिरचीचा लाल रंग सगळ्यांना समजतो. दुकानदाराने बरोबर तोच डबा काढून दिला. मग आजोबांनी मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि तो दिवस गार पाण्याच्या घड्या ठेवण्यात गेला. पण तक्रार नाही. एका डोळ्याने नकाशा वाचत होते.

चौथ्या दिवशी ते बँकेत गेले आणि मला ते टेबल बघवेना.

तुम्हाला माझे डबे माहीत आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी. (तुमचा बाबा सांगतो की एका डब्यावर 'रिकामे डबे' अशी चिठ्ठी आहे. आहे. त्यात हसण्यासारखं काय?) इथे टेबलावर प्लास्टिकच्या चौकटी पसरलेल्या आणि झाडाला कैऱ्या लोंबाव्यात तसे प्रत्येक चौकटीला सुटे भाग लोंबत असलेले. मी नखं कापायची कात्री घेतली. एकूण एक भाग चौकटीपासून नीट कापला, कडा घासल्या. मोठे भाग एका ताटलीत आणि बारीक भाग मसाल्याच्या जादा डब्यात, वाटीवाटीत, आकाराप्रमाणे लावले. चौकटी निरुपयोगी म्हणून घंटागाडीत टाकल्या. एक पारदर्शक तुकडा वेष्टणासारखा दिसला, तोही टाकला. डब्यावर चिठ्ठी लावली: 'मोटार'. दोन तास लागले. शाबासकीची वाट पाहत बसले.

आजोबा आले. त्यांनी ताटली पाहिली, डबा उघडला, मग टेबलाखाली पाहिलं.

"अगं, चौकटी कुठे आहेत?"

"टाकल्या."

"नंबर चौकटीवर होते."

प्रत्येक भागाचा नंबर त्याच्याशेजारी चौकटीवर उठवलेला होता आणि नकाशात भागांना नावं नव्हती, फक्त नंबर होते. माझ्यामुळे आता आमच्याकडे अतिशय व्यवस्थित लावलेले, कोणाचे कोण हे न कळणारे शंभरेक भाग होते. आणि तो पारदर्शक तुकडा म्हणजे पुढची काच.

आजोबा खुर्चीवर बसले. मी बोलणी खायची तयारी केली. ते म्हणाले, "कडा मात्र छान घासल्यास." तुम्हाला सांगते, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं!

पुढच्या दोन दिवसांत माझ्या चष्म्याची काडी तुटली. तो मी युसूफभाईंकडे दुरुस्तीला पाठवला. युसूफभाई आपल्या गल्लीच्या टोकाला घड्याळं आणि चष्मे दुरुस्त करतात, त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. चष्म्याशिवाय मी संध्याकाळी खिचडी टाकली. ओट्यावर मसाल्याचे दोन डबे होते. दोन्हींवर चिठ्ठ्या होत्या. पण चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो.

मोहरी तडतडली नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आजोबांनी दुसरा घास घेतला, चावायचे थांबले आणि तोंडातून काहीतरी काळं काढून दिव्यासमोर धरलं. मला वाटलं दात पडला. त्यांनी भिंग आणलं, नकाशा आणला, आणि बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा उजळला.

"दाराची मूठ आहे ही! डावीकडची. बघ, ओळखता येते."

मूठ जरा वाकली होती. उरलेली खिचडी आम्ही चाळणीत घालून नळाखाली धुतली. त्यातून उजवीकडची मूठ, एक आरसा आणि गिअरचा दांडा निघाला. आम्ही दोघं दूध-पोळी खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी युसूफभाई चष्मा परत द्यायला आले, टेबलासमोर थबकले, आणि मी काय केलं ते आजोबांनी शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. युसूफभाईंनी डोळ्याला त्यांचं घड्याळाचं भिंग लावलं आणि एक भाग चिमट्यात उचलला.

"घडी सोपी ऱ्हास, भाभी," ते म्हणाले. "घडी टिकटिक करीसन सांगस, मन्हं काय दुखस ते. हाई तर मुकी शे."

पण त्या मुक्या मोटारीला त्यांनी बोलतं केलं. रोज दुकान वाढवण्याआधी तासभर यायचे. चित्रातला आकार, हातातला आकार, खाचेत खाच. त्यांची ती जाड बोटं तांदळाएवढा आरसा असा बसवायची की मी इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासून जे लक्ष कमावलं, ते मला कच्चं वाटू लागलं. चष्म्याच्या नवीन फ्रेमीत नुसती दाखवायची प्लास्टिकची भिंगं येतात, त्यातलं एक कापून त्यांनी पुढची काच केली. तीही अशी वळणदार की जपानी माणसाने विचारावं, कुठून आणली? आजोबा शेजारी बसून रंग लावायचे, श्वास रोखून. मला टेबलापासून तीन हात लांब बसायची परवानगी होती.

उरलं चौथं चाक. त्यावर उपाय आजोबांना सुचला: माझ्या शिलाई मशीनची बॉबिन! तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली की चाक तयार. बसवून पाहिलं, तर उंचीला बाकी तिन्हींच्या बरोबरीचं.

अकराव्या दिवशी सकाळी दादा रिक्षातून उतरले. एक बॅग, रिकामे हात. मोटार टेबलावर रुमालाखाली झाकलेली होती आणि युसूफभाई शेवटचा हात फिरवायला आले होते. बॉबिनचं मधलं भोक तेवढं दिसत होतं. ते म्हणाले, "भाभी, एक टिचबटण द्या. वर चिकटाडी देस, चकाकी."

मी आत गेले. टिचबटणांचा डबा दुसऱ्या रांगेत असतो. तो काढला, तर मागे एक लहान डबी. चिठ्ठी पिवळी पडलेली, अक्षर माझंच, तरुणपणीचं: 'रेडिओचं बटण (बहुधा)'.

मी झाकण उघडलं.

आत काळा रबरी टायर होता आणि मधे चांदीच्या रंगाच्या आऱ्या, बाहेरच्या तीन चाकांसारख्याच. चाळीस वर्षांपूर्वी केर काढताना पलंगामागे सापडलं असणार. मी उचललं, ओळखलं नाही (मोटारीची चाकं मी तेव्हा जवळून पाहिलीच नव्हती), म्हणून डबीत घातलं आणि चिठ्ठी लावली. आमच्या रेडिओची सगळी बटणं जागेवर होती, हे बघायला काही मला सुचलं नाही. आणि बाहेरच्या खोलीत दोन भाऊ चाक शोधत असताना मी दाराआड पदर सावरून उभी! मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला विचारलं नाही.

खरं सांगते, मी झाकण परत लावलं.

बाहेर आजोबांनी रुमाल काढला होता. ते म्हणाले, "दादा, तुन्ही गाडी पुरी व्हयनी. चाक मी करी लिधं."

दादांनी वाकून चारही चाकं पाहिली. मग हळूच म्हणाले, "मी पुरीच लयेल व्हती रे."

आवाजात राग नव्हता. तो बिनरागाचा आवाजच तर माझ्याने ऐकवला नाही. मी डबी घेऊन बाहेर आले, टेबलावर ठेवली, आणि दादांकडे पाहायचं धैर्य होईना (आणि सवयही नव्हती), म्हणून म्हणाले, "युसूफभाई, दादांना सांगा, चाक माझ्याकडे होतं."

युसूफभाई आणि दादा यांच्यात एक वीत अंतर होतं. तरी ते गंभीरपणे वळले. "दादा, भाभी म्हणतस, चाक त्यासनाकडे व्हतं."

"तिले इचार, कवयपास्नं?"

"चाळीस वर्षांपासून," मी युसूफभाईंना सांगितलं.

"दादा, चाळीस..."

"आयकं मी," दादा म्हणाले. त्यांनी डबी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचली. मग आजोबांकडे वळले. "रिक्षा का रे? रिक्षा?"

आजोबांनी मान खाली घातली. "चुकनू, दादा. पंगतमा तर लयच चुकनू."

युसूफभाईंनी बॉबिनचं चाक काढायला हात पुढे केला, तर दादांनी तो धरला. "ऱ्हाऊ दे. हाई त्यानी बनाडेल शे." आणि मग ब्याऐंशी वर्षांचे माझे जेठ पहिल्यांदाच थेट माझ्याकडे पाहून बोलले.

"बाई, ते चाक तुन्हा डबामाच ठेव. तठे आखो चाळीस वरीस कोणले सापडाव नही."

'आणखी चाळीस वर्षं' ऐकून सगळ्यांत आधी हसले ते युसूफभाई. मग दादा असे हसले की आजोबांनी पाण्याचा पेला आणला. जेवताना त्यांनी दोनदा भाजी मागितली. माझ्याकडे, थेट. मोटार मांडीवर घेऊन ते सुरतेच्या गाडीत बसले. खिडकीतून शेवटचा दिसला तो त्यांचा हात, आणि त्याच्या आड लाल रंगाचं टोक.

आठ दिवसांनी सुरतेहून एक पार्सल आलं. आत मोटारीचा नवाकोरा खोका होता, सीलबंद, आणि दादांच्या हातची चिठ्ठी: 'चाकं मोजी ल्या. मग बाईले आत येऊ द्या.' आजोबा ती चिठ्ठी दिवसभर खिशात घालून हिंडत होते. खोका तुम्ही सुट्टीत याल तेव्हा उघडायचा आहे. त्या खोलीत मला मनाई आहे.

त्या लहान डबीची जुनी चिठ्ठी मी काढली आणि नवीन लावली: 'माझी चूक (नक्की). नग एक.' आजोबांनी ती वाचली, डबी हलवून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशा डबीत मावली?"

म्हणून मी मोठा डबा शोधते आहे. दोन दिवस झाले, कुठे ठेवलाय ते सापडत नाही.

तुमची,
आजी