आधी हलवून बघा

आमचे डॉक्टर आधी हलवायचे. काय? हातात येईल ते. चहा दिला तर कप गोल फिरवून तळाशी साखर बसलीय का बघणार, औषधाची बाटली दिली तर उन्हाकडे धरून खळखळ हलवणार आणि मान तिरकी करून आत बघत राहणार. कुणी घाई केली की ठरलेलं वाक्य, "आधी हलवून बघा, मग बोला." तुमच्याही गावात असा एखादा असेलच. त्याला सगळे हसतात आणि अडलं की त्यालाच फोन लावतात.

खरं म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच, पशुधन पर्यवेक्षक होते. पण आमच्याकडे ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर आणि ज्याच्या हातात माईक तो समाजसेवक. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू, पावसापेक्षा दुधावर भरवसा जास्त. मी दूध डेअरीचा सेक्रेटरी. म्हणजे दूध कसं गार ठेवायचं, किती गार ठेवायचं, यातलं मला सगळं कळतं. निदान तेव्हा तसा माझा समज होता.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर घटसर्पाची, म्हणजे गळा सुजून जनावर मरतं त्या रोगाची, लस टोचायला यायचे. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज लांबून आला की गावातली निम्मी जनावरं अचानक पाहुण्यांकडे गेलेली असायची. कारण लस टोचली की मानेवर गाठ येते आणि दोन दिवस दूध आटतं. रोगाने जनावर मेलं तर आम्ही नशिबाला बोल लावतो. सुईने लिटरभर दूध कमी झालं तर मात्र डॉक्टरची सात पिढ्यांपर्यंत चौकशी होते.

त्यात हौसाबाई पुढे. तिची एकच म्हैस आणि घर त्या एका म्हशीवर. दरवर्षी लस झाली की चौथ्या दिवशी तिचं ठरलेलं भांडण.

"डॉक्टर, गाठ आली की वो माज्या म्हशीला! आवळ्याएवढी!"

"गाठ आली? मग काम चालू हाय."

"कसलं डोंबलाचं काम? हात लावू देईना ती!"

मग डॉक्टर गोठ्यातच उकिडवे बसायचे आणि शाळा भरायची. "मावशी, बाटलीत रोगाचा जंतू हाय, पन मेलेला. मेलेल्याला कोन भितंय? अंगातल्या पेशी त्याच्याकडं ढुंकून बघत न्हाईत. म्हनून त्यात तुरटी घालत्यात."

"तुरटी? न्हाव्याकडं असती ती?"

"तिच्याच घरातली. ती आत जाऊन टोचती, आग करती. मग पेशी धावून येत्यात, काय झालं बघायला. आल्या की त्यास्नी हा मेलेला जंतू गावतो. त्याला उचलून खांद्याफुडच्या गाठीत न्हेत्यात आन तिथल्या पेशींना त्याचा तोंडवळा दावत्यात. त्या तेवढा ध्यानात ठिवत्यात. उद्या खरा जंतू आला की 'तू कोन' म्हनून इचारत बसत न्हाईत, थेट तुटून पडत्यात."

हौसाबाई पदर तोंडाला लावून विचार करायची. "म्हंजी तुरटी नुसती बोंब मारायला."

"व्हय. बोंब न्हाई तर गर्दी न्हाई."

आमच्या ग्रामसभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे समजायला अडचण पडू नये. तिथेही मुद्द्याकडे कुणी बघत नाही, आरडाओरडा झाला की सगळे धावतात. फरक एवढाच की पेशी धावत येऊन काहीतरी काम करतात.

त्या वर्षी कॅम्प सकाळी सातला ठरला. दवाखान्याचं कुलूप दहाला निघतं आणि जनावरं आठला रानात जातात. म्हणून डॉक्टरांनी आदल्या दुपारीच लशीच्या बाटल्या डेअरीच्या फ्रीजमध्ये आणून ठेवल्या. एक बाटली शेजारच्या वाडीसाठी स्वतःच्या बर्फाच्या डब्यात राहू दिली. जाताना मला दोनदा सांगितलं, "सेक्रेटरी, खालच्या कप्प्यात. गोठू देऊ नका."

मी मनात म्हटलं, वा रे वा! ज्याने आयुष्यभर दूध नासू दिलं नाही त्याला हे थंडावा शिकवणार! मे महिना, लाईटचा भरवसा नाही, आणि जेवढं गार तेवढं टिकतं हे डेअरीतल्या मांजरालाही ठाऊक. संध्याकाळी लाईट गेली तशा सगळ्या बाटल्या उचलून वर बर्फाच्या खणात कोंबल्या. केवढं डोकं चाललं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

रात्री कधीतरी लाईट आली होती. पहाटे बघतो तर बाटल्या दगड! माझं धाबं दणाणलं. बादलीत गरम पाणी घेतलं, बाटल्या त्यात सोडल्या, वितळल्या तशा पुसून खालच्या कप्प्यात ओळीने लावल्या. दोन-तीन लेबलं सुटली होती, तीही थुंकी लावून चिकटवली. इतकी कार्यक्षमता मी डेअरीच्या कामातसुद्धा कधी दाखवलेली नाही.

सातला डॉक्टर आले. बाहेर पन्नासेक जनावरं बांधलेली, सरपंच स्वतःच्या फोटोच्या बॅनरखाली उभे. डॉक्टरांनी फ्रीजमधली एक बाटली घेतली, सवयीने हलवली आणि थांबले. मग डब्यातली बाटली काढली. दोन्ही एकदम हलवून माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बघत बसले.

डब्यातली बाटली ताकासारखी गढूळच राहिली. फ्रीजमधल्या बाटलीत बघता बघता गुठळ्या खाली बसल्या, वर नितळ पाणी. मग त्यांनी एकेक करून सगळ्याच बाटल्या हलवून पाहिल्या.

"ह्या गोठल्यात," डॉक्टर म्हणाले. "तुरटीच्या गुठळ्या झाल्या. आता ती जंतूला धरून ठिवत न्हाई. टोचून उपेग न्हाई."

सरपंचांचा चेहरा बॅनरवरच्यापेक्षा मोठा झाला. "अवो, टोचून टाका! लोकं खोळंबलीत. जनावराला काय कळतंय?"

"जनावराला न्हाई कळत. त्याच्या पेशींना कळतंय."

त्यांनी सगळ्या बाटल्या परत न्यायला पिशवीत भरल्या आणि कॅम्प रद्द केला. लोकांनी शिव्या घातल्या त्या डॉक्टरांना. सरपंचांनी तक्रार केली ती डॉक्टरांची. आणि डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, "साठवणुकीत माझ्याकडून चूक झाली." मी तिथेच होतो, माझ्याच टेबलावर माझ्याच पेनाने लिहिलं त्यांनी. मी काय केलं? पेनाचं टोपण धरून उभा राहिलो.

आठवड्याच्या आत ते नवी लस घेऊन आले आणि दारोदार फिरून एकेक जनावर टोचलं. पाहुण्यांकडे गेलेलीसुद्धा शोधून काढली. ते संपलं त्याच आठवड्यात मेमो आणि बदलीचा हुकूम आला, पार शेवगावच्या बाजूला.

जायच्या दिवशी डेअरीत आले. आपल्या डब्यातलं थर्मामीटर काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लटकवलं. "दोन ते आठच्या मधी ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी चहा मागवला. त्यांनी कप गोल फिरवला, तळ बघितला आणि तसंच खाली बघत म्हणाले, "गरम पान्यात लेबलं सुटत्यात, सेक्रेटरी."

मी फ्रीजचं दार उगाच उघडून बंद केलं. तेच पुढे म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं तर फुडच्या वर्षी ह्या गावात कुनी फ्रीज दिला नसता लशीला." चहा संपवून निघून गेले.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या गावात घटसर्पाने म्हशी गेल्या. आमच्याकडे एकही नाही. साहजिकच आम्ही जंगी सत्कार केला, बदलून आलेल्या नव्या डॉक्टरांचा. ते येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. बिचारे शाल घेताना गोंधळले होते. आभाराचं भाषण मीच केलं.

शेवगावला जाऊन त्यांच्यासमोर कबूल करायचं, हे मी दर महिन्याला ठरवत होतो. थंडीत डेअरीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हार्ट अटॅक. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेवढं धैर्य माझ्यात होतं.

यंदा मे महिन्यात पुन्हा कॅम्प झाला. नवे डॉक्टर घाईत सुई बाटलीत खुपसणार, तेवढ्यात माझा हात पुढे गेला. "आधी हलवून बघा," मी म्हणालो. मग सगळ्यांसमोर, सरपंचांसमोर, बोलून टाकलं, "त्या वर्षी लशी मी गोठवल्या होत्या. जुन्या डॉक्टरांची काही चूक नव्हती."

सरपंच म्हणाले, "जाऊ द्या, जुनं झालं. घ्या पुढची गाय."

हौसाबाई म्हशीचं दावं धरून रांगेत होती. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली.

"हे त्यास्नी सांगायचं हुतं," ती म्हणाली.

आणि म्हैस पुढे घेऊन आली.