नेकनूर गटाचा राखीव गडी

बाकावर बसण्याचा पगार घेतलेला माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. खुर्चीवर बसून पगार घेणारे पुष्कळ झाले, त्यांचं मी बोलत नाही. आमचे दाजी चक्क लाकडी बाकावर बसत, तेही अर्ध्या चड्डीत, आणि त्यासाठी आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याने त्यांना तीन हंगाम नोकरीवर ठेवलं होतं. ते कारखान्याच्या बास्केटबॉल संघाचे राखीव गार्ड होते. गार्ड म्हटलं की आमच्याकडे लोकांना काठी घेऊन गेटवर उभा राहणारा माणूस आठवतो, म्हणून सांगून ठेवतो की बास्केटबॉलमध्ये चेंडू पुढे नेणाऱ्या, इतरांना तो नेमका पुरवणाऱ्या खेळाडूला गार्ड म्हणतात. तीन हंगामांत दाजी प्रत्यक्ष सामन्यात खेळले ते सगळे मिळून अकरा सेकंद. हे ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही, मला संताप येतो.

संताप आधी दाजींचाच येतो. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस अजून बाकावरून उठलेला नाही. कुठेही गेले तरी खुर्चीच्या अगदी कडेला बसतात, आणि बुटाच्या नाड्या घट्ट आवळून बसतात. लग्नाच्या पंगतीत पोटभर जेवत नाहीत. माझ्या स्वतःच्या लग्नात मी आग्रहाने तिसरी बुंदी वाढायला गेलो, तर पानावर आडवा हात धरून म्हणाले, “नको, जड पडतं. कधी बोलावतील सांगता येत न्हाई.” कोण बोलावणार होतं? अक्षता पडून गेल्या होत्या. बसस्टँडवर एस.टी. लागली की दाजी गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून दारात उभे राहतात आणि आपली माणसं आत जाईपर्यंत पैलवानालासुद्धा वाट देत नाहीत. अक्काने पहिल्या वर्षी लाजून डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. पुढे पुढे तीही निवांत चढून खिडकीची जागा धरायला लागली. बायका लवकर शहाण्या होतात.

खरा संताप मात्र कारखान्याचा. झालं असं, की आमचे चेअरमनसाहेब एकदा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याचा दौरा करून आले. तिथे त्यांनी हंगामाची पहिली मोळी टाकण्याच्या समारंभाला कारखान्याचा स्वतःचा बास्केटबॉल संघ पाहिला आणि परत आल्यावर त्यांना चैन पडेना. लगेच उसाच्या मोळ्या पडतात त्या गव्हाणीच्या मागे सिमेंटचं मैदान झालं, लोखंडी खांब आले, हायस्कुलातले पीटीचे सर कोच म्हणून आले. इथवर ठीक होतं. पण संघ निवडायची वेळ आली तेव्हा साहेबांना एकच निवड ठाऊक होती, ती म्हणजे संचालक मंडळाची. कारखान्याच्या कार्यक्षेत्रात गट सहा. मैदानावर माणसं पाच. तेव्हा प्रत्येक गटाचा एक खेळाडू, आणि ज्या गटाचा ऊस सगळ्यांत कमी, त्याचा खेळाडू राखीव, असं ठरलं. धारूर गटाने पाच फूट दोन इंचांचा माणूस पाठवला. त्याला सेंटर केलं, म्हणजे बास्केटखाली सगळ्यांत उंच माणूस लागतो तिथे. चेअरमनसाहेबांच्या स्वतःच्या गटातून त्यांचा भाचा आला, तो गार्ड झाला. संघात चेंडू खेळवायची अक्कल फक्त दाजींना होती. बीडला वसतिगृहात असताना ते चार वर्षं हाच खेळ खेळले होते. पण दाजी नेकनूर गटाचे. नेकनूरकडे पाणी कमी, म्हणून ऊस कमी, म्हणून माणूस बाकावर. पाऊस न पडण्यात माझ्या दाजींचा काय गुन्हा होता, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

बरं, राखीव तर राखीव. कधीतरी कोणी दमेल, पडेल, तर दाजींना उतरवतील, अशी आशा होती. तिथेही सहकार आडवा आला. एका गटाचा माणूस काढून दुसऱ्या गटाचा घ्यायचा म्हणजे मंडळाचा तोल बिघडतो, म्हणून साहेबांनी नियम घातला की बदली करायची तर संचालकांपैकी एक सूचक पाहिजे आणि एक अनुमोदक पाहिजे. नेकनूरचे संचालक बिचारे प्रत्येक सामन्यात सूचक व्हायला हात वर करून बसत. अनुमोदक मिळत नसे. दाजी हात उंचावलेला बघून जाकीट काढत, थोडं थांबून पुन्हा घालत. तीन हंगाम मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मी भर मैदानावर भांडायला निघालो की दाजीच मला धरून खाली बसवत.

तिसऱ्या हंगामात पाऊस पुरता रुसला. उसाला पाणी नव्हतं, गाळप दिवाळीनंतर जेमतेम महिनाभर चाललं, आणि हा संघाचा शेवटचा हंगाम आहे हे सगळ्यांना कळून चुकलं. त्या हंगामातला शेवटचा सामना शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याशी आमच्याच मैदानावर झाला. दाजींना उतरायचं असेल तर त्याच दिवशी, नाहीतर जन्मात नाही. अक्काने देवीला नारळ बोलला होता. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि अकरा सेकंद उरले असताना चेअरमनसाहेबांच्या भाच्याचा पाय मुरगळला. कोच सर दाजींना घेऊन रेषेपाशी आले. पंचांनी हाताने बोलावलं. पण मंडपातून साहेबांनी माइकवर विचारलं, सूचक कोण? नेकनूरच्या संचालकांचा हात वरच होता. अनुमोदक कोण? एकही हात नाही. पंच घड्याळ दाखवायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेत डुलक्या घेणारे एक म्हातारे संचालक दचकून जागे झाले आणि चहा कोणाकोणाला पाहिजे असं विचारताहेत असं समजून त्यांनी हात वर केला. दाजी मैदानात गेले.

पुढचं सांगताना अजून माझ्या मुठी वळतात. चेंडू सरळ दाजींकडे आला. ते डाव्या बाजूला, बास्केटपासून चार पावलांवर, मोकळे उभे होते. त्यांना अडवायला कोणी आलंच नाही, कारण समोरच्या संघाने हा माणूस खेळताना कधी पाहिलाच नव्हता. तेवढ्यात माइक खरखरला आणि साहेब म्हणाले, “थांबा, अनुमोदकाचं नाव लिहून घेऊ द्या.” आणि दाजी थांबले. चेंडू छातीशी धरून उभे राहिले. आम्ही सगळे ‘टाका, टाका’ म्हणून घसा फोडत होतो. शिट्टी वाजली तेव्हाही चेंडू त्यांच्या छातीशीच होता. वर कडी म्हणजे बक्षीस समारंभात साहेबांनी दाजींना टोपी, उपरणं, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले की माइकवर सांगितल्याबरोबर थांबणारा सभासद आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

उन्हाळ्यात मैदानावर चारा छावणी झाली. बास्केटच्या खांबांना बैल बांधले, संघ मोडला आणि दाजी घरी आले. गल्लीत टँकर आला की बायकांना नेमक्या अंतरावर उभं करून ते हंडे हातोहात पुढे पाठवत, त्यामुळे आमच्या गल्लीचं पाणी सगळ्यांत आधी भरून व्हायचं. सांडायचंही नाही. सगळ्यांचं झाल्यावर शेवटचा हंडा त्यांचा स्वतःचा. ते मला आणखी लागायचं. अरे बाबा, इथे तरी पहिला नंबर लाव.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एका सोयरिकीहून परतताना मांजरसुंब्याला एका ढाब्याबाहेर बाकड्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. दाजी आता सत्तरीला आले. बाकड्याच्या कडेला बसले होते, नाड्या आवळलेल्या. चेअरमनसाहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली आहेत, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण मी ठेवली. माइक नसता तर तुम्ही जिंकून दिला असता सामना, असं मी शंभराव्यांदा म्हणालो.

“माइक मला आयकूच आला न्हाई,” दाजी म्हणाले.

मग कामून थांबलात, असं विचारताना माझाही आवाज गावाकडचा झाला.

दाजींनी दोन्ही तळवे समोर धरून थोडा वेळ पाहिले. “तीन साल वाट बघितलती. मॅचमदी पयल्यांदा हातात आलता. टाकला आसता तर गेला आसता ना रे. जरा धरून ठेवावा वाटला.”

इतकी वर्षं मी एका माणसाला मनसोक्त शिव्या देत होतो, आणि दाजींनी त्या कधी थांबवल्या नव्हत्या. बहुधा मला बरं वाटतं म्हणून. आता तो राग ठेवायचा कुठे, ते मला सुचेना. पाऊस, ऊस, गट, सगळ्यांवर थोडा थोडा वाटून पाहिला, तरी उरलाच.

तेवढ्यात एस.टी. आली. माणसं धावली. दाजी तयारच होते. उठले, गर्दीतून वाट काढत दाराशी पोचले आणि गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. कंडक्टर ओरडत होता, मागचे ढकलत होते, पण ते कोणाला आत जाऊ देईनात. त्यांची नजर माझ्याकडे होती. मला बोलावत होते, आणि माझ्याच्याने काही बाकड्यावरून लवकर उठवेना.