मागून उठलेली झील

साल २०१८. माझं वय तवा एकाहत्तर. आता कोणी म्हणन, बुढ्याचे कान गेले असन. कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यायवर, एकतीस वर्षं काढूनही माझे कान शाबूत आहेत. भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची... असल्या गोष्टीले मी उभ्या जन्मात भीक घातली नाही, आजही घालत नाही. तरी जे झालं ते झालं. चौथी पास आहो, अक्षर वाकडं आहे, पण लिवून मीच राहिलो.

मी तुळशीराम. गाव भंडाऱ्याकडचं, भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात लागलो तवापासून तिथल्याच मरोदा वस्तीत. पोट नोकरीनं भरलं, पण माणूस म्हणून मी शाहीर आहो. आमच्या खडी गंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या तमाशात, शाहीर पुढं उभा राहून म्हणते आन झीलकरी मागून त्याची ओळ वरच्या आवाजात उचलते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालते, तिले छाप म्हणतात. छाप ज्याची, गाणं त्याचं. कागदबिगद लागत नाही.

माझा झीलकरी म्हादेव. दोघायची शिफ्ट एकच. सायकलीवर ड्यूटीले जाता जाता आमचे गाणे बनत.

धान सोडून आलो गड्या, लोखंड पेराले
घाम कमी पडला गड्या, भट्टी भराले

मी "कमवाले" म्हटलं होतं. म्हादेव म्हणे, "कमवाले तं सारेच येते बे, आपन पेराले आलो." छापही त्यानंच जुळवली, मरोद्याच्या चढावर, धापा टाकत — "तुळशी-म्हादेव म्हणे गड्या, चाल ना घराले."

ती छाप जगात आमी दोघांनीच आयकली. कारण पहिल्याच कार्यक्रमात मी ती बदलली. "तुळशीराम म्हणे गड्या..." खाली उतरल्यावर म्हटलं, शाहीर एकच असते.

"ठीक आहे भाऊ," म्हादेव म्हणे, "तुहं गाणं."

बस, एवढंच. तवापासून तो सारं गाणं उचले, पण छाप आली की चूप. टुणटुणं खाली ठेवून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळे. लोकायले वाटे, याची स्टाइल आहे. मले ठाऊक होतं. पण मी वाकलो नाही. नऊ वर्षं झाले होते त्याले मरून, तरी वाकलो नव्हतो.

तर २०१८ साली, चहाच्या टपरीवर एकाच्या मोबाईलमध्ये माझंच गाणं वाजून राहिलं. शेवटी काय, तं "बबलू म्हणे गड्या"! डोकं सणकलं. हा बबलू चाळिशीचा, ठेकेदाराकडं कामाले, नवा शाहीर. दिवाळीनंतर मरोद्यात आपले लोक मंडई, म्हणजे जत्रा, भरवतात, तिथं त्याची गंमत होती. दुपारचे तीन. ऊन चांगलं कडक. मी डफ घेऊन सरळ स्टेजवर चढलो.

बबलू म्हणे, "कका, ये क्या कर रहे हो?"

"गाणं म्हणून राहिलो. माहं."

"तुमचं कायचं? छाप तं माही आहे. साऱ्या मोबाईलमध्ये आहे."

पब्लिक हासली. बबलूनं आपल्या दोन्ही झीलकऱ्यायले खूण केली, ते खाली उतरून खुर्चीवर जाऊन बसले. म्हणे, "म्हणा आता एकटेच, बुडोबा."

झीलीबिगर शाहीर म्हणजे बैलाबिगर बंडी. पण मी ओढली. ओळ माझी, उचलणंही माझंच. चौथ्या कडव्याले धाप लागली, तरी थांबलो नाही. छाप आली. मान ताठ करून म्हटलं — "तुळशीराम म्हणे गड्या..."

आन मागून झील उठली.

वरच्या पट्टीत, थोडी नाकातली, "गड्या"वर जरासी रेंगाळणारी, म्हादेव देई तशीच. "तुळशी-म्हादेव म्हणे गड्या, चाल ना घराले."

वळून पाहिलं. मागं कनात, कनातीमागं भिंत. माणूस नाही.

बबलूचं तोंड उतरलं होतं. "कका... पीछे कौन था?"

"ज्याचं गाणं आहे, तो," माझ्या तोंडून निघालं. मग म्हटलं, "आन माहं."

लोकायनं मग खूप अकला पाजळल्या. कोणी म्हणे पब्लिकमधून कोणी उचललं. कोणी म्हणे स्पीकरचा घुमारा. अरे, घुमारा माझेच शब्द परत देईन, का जे म्हटलेच नाही ते देईन? आन पब्लिकमधल्या कोणाले ती ओळ ठाऊक होती, त्याचं नाव सांगा. आजवर एकानंही सांगतलं नाही. मलेही उत्तर सापडलं नाही. भ्रम म्हणायचा असन तं म्हणा, पण मंग तो भ्रम बबलूलेही झाला.

म्हादेवानं ती छाप कोणाले सांगतली असन का, हे विचाराची एकच जागा राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं जामुलले गेलो. म्हादेवाची बायको गिरजाबाई तिथं लेकाकडं राहते. अंगणात तांदूळ निवडून राहिली होती.

"कावून आले भाऊजी? इतक्या वर्षानं रस्ता बरा सापडला."

म्हटलं, "म्हादेवानं तुमाले सायकलीवरल्या छापेचं कधी सांगतलं होतं का?"

"कोणती छाप? गाणे तुमचे, ते नुसते झील देत. मले तं असंच सांगत."

सूप तिनं बाजूले ठेवलं. माफी मागाले मी गेलो नव्हतो, आन मागितलीही नाही. तिथंच अंगणात उभा राहिलो, डफ काढला, आन पहिल्या ओळीपासून म्हटलं. छापेले दोन्ही नावं घेतले. गल्लीतले लोक दारात येऊन आयकत होते, म्हणून आणखी जोरात घेतले.