कापलेली वेणी

काल इथे क्वेकर्स हिलच्या सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतल्या बाईची लांब वेणी कापली गेली आणि फरशीवर पडली. मी मनाने थेट मॉसन लेक्सच्या, शिकत असतानाच्या त्या जुन्या घराच्या किचनमध्ये जाऊन पोचले.

लॉकडाऊन होता, विमानं बंद. माझी हाउसमेट माहीन इराणची, झाग्रोसच्या डोंगरातली, लूर जमातीची. युनीतल्या इराण्यांशी ती फारसीत बोलायची, घरच्यांशी मात्र फक्त लुरीत. तिची आई कोविडने आजारी होती. त्या दुपारी व्हिडिओ कॉलवर तिची मावशी हसून काहीतरी सांगत होती आणि माहीन पुन्हा पुन्हा विचारत होती, "दा?" दा म्हणजे आई. एवढी लुरी मला यायला लागली होती.

बोलता बोलता मावशीच्या डोक्यावरचा रुमाल सरकला. माहीनने फोन टेबलावर पालथा ठेवला. भात करपल्याचा वास सुटला, तरी आम्ही दोघी हललो नाही.

"मावशी म्हणते, आई झोपलीय," ती म्हणाली. "पण मावशीच्या वेण्या नाहीत. आमच्यात घरचं माणूस गेलं की बायका वेण्या कापतात."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल. बाबा हॉस्पिटलमध्ये होते.

"बरे आहेत गं बाबा," ती म्हणाली. मी ऐकतच नव्हते, तिचं कपाळ बघत होते.

"आई, जरा उजेडात ये ना."

का, ते तिने विचारलं नाही. खिडकीपाशी बसली आणि गळ्यातलं मंगळसूत्र पदराखालून बाहेर घेतलं. तेव्हा वाटलं, उकडत असेल. काल त्या सलूनमध्ये कळलं, ती मला ते दाखवत होती.