चारी संपते तिथे

कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारा तो पाटकरी. धरणातून निघतो तो कालवा, कालव्याला फुटते ती चारी आणि चारीतून एकाच मालकाच्या शेतात शिरतो तो दंड, हे तो तीस वर्षं लोकांना समजावत आला. बदलून आलेले साहेब सगळ्यालाच सरसकट नाली म्हणायचे, ते त्याला झोंबायचं. चारी फुटली तर ती पाटकऱ्याने बुजवायची, दंड फुटला तर मालकाने. नाली म्हटलं की कुणीच बुजवत नाही.

घरातला नळ गळायला लागला की बायको विचारायची, "अहो, हा कुणाच्या हद्दीत?"

"दंड आहे. तुझा."

"मग आज चहाची पाळी नाही तुमची."

पाणी सोडण्याआधी चारी टोकापर्यंत पायी बघायची, असा नियम आहे. कोरड्या चारीत माणसं उतरलेली असतात. पण त्या सकाळी पाटकऱ्याचा गुडघा सुजला होता आणि निवृत्तीला अकरा महिने होते. चारीच्या लोखंडी दारापाशी उभं राहून त्याने तीनदा शिट्टी मारली आणि चाक फिरवून दार उचललं.

दीड किलोमीटर खाली, रस्त्याच्या मोरीपाशी, एक बाई चारीच्या तळातलं गवत कापत होती. दुपारी ती सापडली ती पुढच्या एका दंडात, दहा हात आत. शेत तिच्याच नवऱ्याचं. पाण्याची पाळी त्याची होती, म्हणून दंडाचं तोंड त्याने सकाळीच उघडून ठेवलं होतं.

चौकशीला साहेब आले. "मृतदेह कुठे सापडला?"

"दंडात. पण साहेब, मी त्या दिवशी..."

"ते कुणी विचारलंय? दंडात सापडला, दंडात लिहू. यात खोटं काय? मालकाची हद्द, मालकाचीच बायको. उगाच तुमची पेन्शन कशाला अडकवता?"

पाटकऱ्याने सही केली.

आठवड्याने त्या बाईचा नवरा पाटकऱ्याच्या घरी, दारात येऊन बसला. पाटकऱ्याच्या बायकोने दिलेलं पाणी त्याने तसंच बाजूला ठेवलं.

"दादा, तोंड मीच उघडं ठेवलं. त्यात ओढली गेली ती. पोरगी माझ्याशी बोलत नाही."

पाटकरी गुडघा चोळत म्हणाला, "दंडात आली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. चारीतच गेली ती. मी त्या दिवशी चाललो नाही."

"शिट्टी मारली होती ना?"

"तेवढ्या लांब कुणाला ऐकू जाते शिट्टी?"

नवऱ्याने शिवी दिली नाही की हात उचलला नाही. "हे पोरीला सांगाल? माझ्या तोंडचं ती खरं धरायची नाही. तिने चौकशीचा कागद वाचलाय."

"सांगतो. कागदही बदलून आणतो."

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. साहेब म्हणाले, प्रकरण बंद झालंय, आता जबाब फिरवलात तर खोट्या जबाबाचा गुन्हा लागेल, घरी जा. तो घरी आला. पोरीकडे मात्र गेला नाही. तिथे जायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

पुढच्या पाळीला पाटकरी गुडघ्याला पट्टी बांधून अख्खी चारी चालला. त्या शेतापाशी नवरा दंडाच्या तोंडावर विटा रचत होता. पोरगी एकेक वीट त्याच्या हातात देत होती, पण बापाकडे बघत नव्हती. त्यांच्या मागे शेतातलं पीक पिवळं पडलं होतं.

"पाणी नको?" पाटकऱ्याने विचारलं.

"नको," पोरगीच म्हणाली. "बाबांच्या हातून आता काही उघडं राहायला नको."

नवरा हातातली वीट तशीच धरून थांबला. त्याने पाटकऱ्याकडे पाहिलं. पोरीनेही पाहिलं, हा माणूस अजून का उभा आहे म्हणून.

पाटकऱ्याने खिशातून वही काढली, 'पाणी घेतले नाही' असं लिहिलं आणि तो पुढच्या शेताकडे निघाला.